चार मिलिमीटरचा गंधार

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत चार मिलिमीटर ही फार मोठी चूक असते. इथल्या टूलरूममध्ये बोअर दोन-तीन शतांशांनी मोठा झाला तरी जॉब रिजेक्शनच्या पेटीत जातो आणि पाळी संपताना सुपरवायझर कारण विचारायला येतो. मनमाड रस्त्यालगत पसरलेल्या या वसाहतीत माणसं दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि फिलर गेज हाताळतात. त्यांच्यातल्या काहींच्या घरी माळ्यावर कॉलेजच्या दिवसांत हौसेनं घेतलेली गिटार पडून असते. नोकरी, लग्न, पोरांच्या शाळा यांत ती वर गेली आणि वरच राहिली. कधीतरी, बहुधा पोरगं किंवा पोरगी कुठून तरी ऐकून आली म्हणून, ती खाली उतरते. त्या गिटारवर, ती कितीही भारी किमतीची असो, एक स्वर त्याच्या नैसर्गिक जागेपासून चार मिलिमीटर सरकलेला असतो. हा कारखान्याचा गलथानपणा नाही. हिशेब मांडून, सगळ्यांच्या संमतीनं तो तिथे बसवलेला असतो. त्या चार मिलिमीटरकडे जायचं आहे, पण आधी गिटार वाजती करायला हवी.

नगर हा पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि एप्रिल-मेत हवा इतकी कोरडी की दाराच्या फळ्या आकसून फटी पडतात. पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. गिटारचं वरचं पातळ फळकूट, ज्याच्यामुळे आवाज होतो, तेही असंच आकसतं. त्यातच पोलादी तारांचा संच सुरात लावलेला राहिला असेल तर तो सत्तर किलोंच्या आसपास ओढ लावून बसलेला असतो, म्हणजे सिमेंटच्या गोणीहून जास्त. म्हणून खाली काढल्या काढल्या तारा छेडू नका, आधी घोडी बघा. घोडीच्या मागच्या कडेखाली कागदाचा कपटा शिरला तर ती उचलली गेली आहे आणि तिला चिकटवून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मग दांडी. पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि सातव्या पडद्यापाशी तारेखाली फिलर गेजची पात सरकवायची. पाव मिलिमीटरची पात जेमतेम जात असेल तर दांडी ठीक आहे. अंतर जास्त असेल तर दांडीतल्या लोखंडी सळीचा नट अ‍ॅलन कीनं पाव फेरा आवळायचा आणि एक दिवस थांबायचं. हे काम नागापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. एवढंच सांगायचं की सळी जाम असेल तर जोर लावू नये, कारण ती तुटली तर बदलणं जवळजवळ अशक्य असतं. बाराव्या पडद्यावर जाड तार दोन-अडीच मिलिमीटर उंच आणि बारीक तार दोनाच्या आत असली की हात दुखत नाही.

तारा मात्र सरळ नव्या आणाव्यात. मोटारींचं रिवायंडिंग करणाऱ्याला जाड तारेची रचना बघताक्षणी कळेल: आत पोलादाचा गाभा, त्यावर कांस्याच्या तारेचे घट्ट वेढे. त्या वेढ्यांत वर्षानुवर्षं घाम आणि धूळ भरते आणि तारेचं वजन जागोजागी वेगवेगळं होतं. तारेचा स्वर लांबी, ओढ आणि वजन या तीन गोष्टींवर ठरतो; फ्रान्सच्या मेर्सेन नावाच्या पाद्र्यानं १६३६ मध्ये हा नियम मांडला. वजन असमान झालं की मोकळी तार सुरात लागते, पण पाचव्या पडद्यावर बेसूर होते. माणसाला वाटतं आपला कान गेला. गेलेली असते ती तार.

त्याच नियमातून परतणाऱ्याला एक सवलत मिळते. स्वर जितका खाली न्याल, ओढ त्याच्या वर्गाच्या हिशेबात कमी होते. सगळी गिटार अर्धा स्वर उतरवून लावली तर ओढ ११ टक्क्यांनी घटते, पूर्ण स्वर उतरवली तर २१ टक्क्यांनी. मग दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की मूळ पट्टी परत मिळते, पडदे जवळजवळ येतात आणि तारही हलकी लागते. पहिल्या महिन्याला हे पुरेसं आहे. बोटांची टोकं जाड व्हायला काही आठवडे जातात. रोज पंधरा-वीस मिनिटं वाजवलं तर ती होतात. रविवारी एकदम तीन तास वाजवलं तर फक्त फोड येतात. मशीनवर काम करणाऱ्यांच्या हाताला घट्टे असतातच, पण ते तळव्याला. बोटाच्या टोकाला त्यांचा उपयोग नाही. दिवसभर हात कूलंटमध्ये भिजले असतील त्या संध्याकाळी गिटारला सुटी द्यावी. मऊ पडलेली कातडी तारेनं चटकन कापते.

बोटं कोवळी झाली तरी हाताची आठवण गेलेली नसते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरलेली गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि हा वाचलेला वेळ मोजताही येतो. त्यानं निरर्थक अक्षरं पाठ केली होती. हाताच्या हालचालींची आठवण तर पाठांतरापेक्षाही चिवट असते. जी, सी, डी या कॉर्डचे आकार हात चारच दिवसांत स्वतःहून धरू लागतो.

परत आलेला कान मात्र पूर्वीचा नसतो. मधल्या वर्षांत त्यानं भजनं ऐकलेली असतात, गल्लीतल्या सप्ताहातली कीर्तनं ऐकलेली असतात, कुणी सवाईच्या मैफलीला जाऊन आलेलं असतं. त्याला आता पूर्वी कधी न जाणवलेली कुरकुर जाणवते. जी कॉर्ड धरून, कान देऊन दुसरी तार अशी लावावी की सगळा झंकार एकजीव होईल, आणि मग ई कॉर्ड धरावी, तर तीच तार उतरलेली वाटते. ती चढवावी तर जी कॉर्ड बिघडते. कॉलेजात असताना याचा दोष आपण खुंट्यांना देत होतो. खुंट्या निर्दोष आहेत.

दुसरी मोकळी तार ही जी कॉर्डमधला गंधार आहे, आणि ई कॉर्डमधला पंचम. जी कॉर्डचा षड्ज आपल्या आत ज्या गंधाराची मागणी करतो तो गिटारच्या गंधारापेक्षा १४ सेंटनी उतरा आहे. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तेव्हा हा फरक अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. आता व्हर्निअर घ्या. बहुतेक गिटारच्या तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर धरतात. तारेचा पाचवा हिस्सा तोडला की उरलेल्या तारेतून शुद्ध, नैसर्गिक गंधार निघतो. ६४८ चा पाचवा हिस्सा १२९.६ मिलिमीटर. चौथा पडदा मात्र वरच्या पट्टीपासून १३३.७ मिलिमीटरवर ठोकलेला असतो. हेच ते चार मिलिमीटर. पंचमाशी तुलना करून बघा: तारेचा तिसरा हिस्सा २१६ मिलिमीटर, सातवा पडदा २१५.५ वर. पंचमात अर्ध्या मिलिमीटरचा फरक, गंधारात चार.

पडदे असे का ठोकतात? प्रत्येक पडद्यापुढे उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं आणि तेवढं पुढे सरकायचं; बारा वेळा असं केलं की बरोबर अर्धी तार उरते. बारा स्वर, बाराही पायऱ्या सारख्या. हा आकडा हाती येण्याआधी कारागीर साधा १८ धरत. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिलेई स्वतः ल्यूटवादक होते आणि त्यांनी १५८१ च्या ग्रंथात ही अठराची रीत सांगितली आहे. सारख्या पायऱ्यांचा फायदा मोठा आहे: कुठल्याही स्वराला सा माना, सगळ्या पट्ट्या सारख्याच वाजतात. किंमत म्हणून प्रत्येक पट्टीचा गंधार थोडा चढा राहतो. मला हा सौदा वाईट वाटत नाही. पण तो सौदा आहे, हे कुठल्याच क्लासात पहिल्या दिवशी सांगत नाहीत, आणि ते सांगायला हवं.

गंमत अशी की खरा गंधार त्याच गिटारमध्ये दडलेला असतो. चौथी तार घ्या. चौथ्या पडद्याच्या धातूपासून किंचित मागे, खुंट्यांच्या बाजूला, तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडून लगेच बोट उचला. घंटेसारखा बारीक स्वर येईल. तो दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार. पडद्याच्या बरोबर वर बोट ठेवलं तर तो विरतो. चार मिलिमीटर मागे सरकलात की खुलतो. मग तीच तार चौथ्या पडद्यावर दाबून वाजवा आणि दोन्ही ताडून बघा. ज्याला इतकी वर्षं काही जाणवलं नव्हतं त्यालाही इथे जाणवतं.

आपल्याकडे या स्वराचं नाव गाणाऱ्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे: स्वयंभू गंधार. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नसते. पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज. तरीही तंबोरा नेमका लागला की खर्जाच्या झंकारातून गंधार आपोआप ऐकू येतो. ही जवारीची करामत. तंबोऱ्याची घोडी गिटारच्या घोडीसारखी अरुंद कडेची नसते; ती रुंद, अगदी मंद उताराची असते आणि कंपणारी तार त्या उताराला सतत घासत राहते. तिच्याखाली सुताचा दोरा, ज्याला जीव म्हणतात, तो केसभर मागेपुढे सरकवला की वरचे सूक्ष्म स्वर उजळतात किंवा मावळतात. ही जवारी काढणारे हात मिरजेत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. घराणं मूळचं शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगारांचं. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, कडू आणि जाड सालीचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्राची धार पारखणारी नजर घोडीचा उतार पारखायला वळली, हे टूलरूममधल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

तारेवर गंधार मोजण्याचा उद्योगही याच भागात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींच्या जागा तारेच्या लांबीत आणि कंपनसंख्येत बसवून १९१० मध्ये इंग्रजी पुस्तक छापलं. प्रमाण म्हणून गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. सरकारी अधिकारी किराणा घराण्याच्या एका गवयाला समोर बसवून त्याचा स्वर तारेवर मोजतो आहे, हे चित्र मला आपल्या संगीताच्या इतिहासातलं सर्वांत मोहक वाटतं. सगळ्या पंडितांना देवलांचे आकडे पटले नाहीत, आणि गवई आकड्यानं गात नाही हा आक्षेपही खरा. पण शुद्ध गंधाराच्या जागेबद्दल कान आणि तार यांच्यात भांडण नाही.

मग गिटारवाल्यानं सतार शिकावी का? शिकावी, पण तिच्याकडून गिटारची कामं करून घेऊ नयेत. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात. राग बदलला की वादक पडदा बोटानं सरकवतो आणि गंधार हवा तिथे नेतो. शिवाय पडदे कमानदार आणि उंच, त्यामुळे एकाच पडद्यावर तार आडवी ओढून चार-पाच स्वरांपर्यंत मींड काढता येते. तिथे कॉर्ड नाहीत आणि सा मैफलभर जागचा हलत नाही. गिटारनं सा मोकळा सोडला आणि गंधार बांधला. सतारीनं नेमकं उलट केलं.

सतारीची ती मींड गिटारवर काही प्रमाणात आणता येते, पण एक अडचण आहे. तार ओढली की स्वर फक्त चढतो. आपला गंधार तर आधीच चढा आहे. त्याला ओढून उतरवणार कसा? उपाय सतारियाचाच: एक पडदा मागे, कोमल गंधारावर यायचं आणि तिथून तार ओढत शुद्ध गंधाराच्या आत थांबायचं. कुठे थांबायचं ते पडदा सांगत नाही, कानानं ठरवावं लागतं. त्यासाठी मोबाईलवर तंबोरा लावून ठेवावा, आणि ट्यूनरचा काटा मात्र त्या वेळी बघू नये. तो गिटारच्या बाजूचा साक्षीदार आहे.

दुसरी वाट पडदे सोडूनच देण्याची. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवतात. पडदे नुसत्या खुणा उरतात आणि चार मिलिमीटरांपैकी प्रत्येक मिलिमीटर वापरायला मोकळा होतो. ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर रागसंगीत उभं केलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची तबकडी अजून घरोघरी वाजते. पुढे विश्वमोहन भट्टांनी त्याला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. नागापुरात याची चाचणी फुकटात होते. स्क्रॅपमधला स्टीलचा गुळगुळीत रॉड, कडा फाइलनं मारलेल्या, तारा पडद्यांपासून वर उचलून, बस्स. मात्र कांडी पडद्याच्या अलीकडे-पलीकडे नेमकी कुठे थांबवायची हे कळायला लागतं तेव्हा माणसाला आपली वाजवण्याची नव्हे, ऐकण्याची तयारी किती आहे ते समजतं.

व्हायोलिनला तर खुणाही नाहीत. आणि त्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला दूर बघायला नको. ‘गाणारं व्हायोलिन’ ज्यांच्यामुळे महाराष्ट्राला माहीत झालं ते प्रभाकर जोग श्रीरामपूरजवळच्या हरेगावचे. जन्म १९३२, निधन २०२१. सुधीर फडक्यांचे ते साहाय्यक होते आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणात त्यांचा हात होता. त्यांच्या वादनात गाण्याचे शब्द ऐकू येतात असं लोक म्हणत, ते नुसतं कौतुक नव्हतं. अक्षर जिथे तुटतं तिथे गज उलटायचा किंवा दाब बदलायचा, जिथे स्वर लांबतो तिथे एकाच गजात बोट घसरवायचं. गिटारवाल्याला यातून घेण्याजोगं खूप आहे. तो चाल वाजवताना प्रत्येक स्वर नव्यानं छेडतो, आणि मराठी भावगीत तसं वाजवलं की टंकलेखन होतं. एका अक्षराला एकदाच छेडा, उरलेले स्वर डाव्या हातानं काढा. फरक पहिल्याच ओळीत दिसेल.

मँडोलिन आणि उकुलेले यांच्याबद्दल फार लिहायला नको, कारण तिथेही पडदे ठोकलेलेच आहेत आणि गंधाराची गोष्ट तीच. मँडोलिनच्या चार जोड्या म्हणजे गिटारच्या चार जाड तारांची नावं उलट क्रमानं. हाताला आठवडाभर गोंधळायला होतं, मग मजा येते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मँडोलिनवादक, प्यारेलाल व्हायोलिनवाले. उकुलेले म्हणजे पाचव्या पडद्यावर कॅपो लावलेल्या गिटारच्या वरच्या चार तारा, फक्त चौथी तार एक सप्तक चढी. नायलॉनच्या तारांमुळे बोटं दुखत नाहीत, म्हणून घरातल्या लहानांना ती द्यावी आणि आपण आपली गिटार सोडवून घ्यावी.

गिटारच्या सौद्याची दुसरी बाजू नगरमध्येच बघायला मिळते. नागापूरच्या उत्तरेला पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझाद आहे. तिथे ३१ जानेवारी १९६९ रोजी आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी देह ठेवला. समाधी शहराच्या दक्षिणेला, अरणगावच्या मेहेराबादेत. दरसाल त्या दिवशी, अमरतिथीला, देशोदेशीची माणसं येतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठीला गिटार असते. या भक्तांत ‘द हू’ या रॉक बँडचा पीट टाऊनशेंडही होता. १९६४ मध्ये स्टेजवर गिटार फोडून गाजलेला हा माणूस. त्याच्या ‘बाबा ओ’रायली’ या १९७१ च्या गाण्याच्या नावात मेहेरबाबा आहेत, आणि १९७२ च्या ‘हू केम फर्स्ट’मध्ये त्यानं बाबांच्या परवर्दिगार प्रार्थनेला चाल लावली. टाऊनशेंडची खूण म्हणजे पॉवर कॉर्ड: सा आणि प, बस्स. अ‍ॅम्प्लिफायर फाटेस्तोवर चढवला की गिटारचा चढा गंधार आतल्या सूक्ष्म स्वरांशी झगडून चिखल करतो. सा-प मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाला पचवून खणखणीत उभे राहतात. म्हणून रॉकवाल्यांनी गंधारच वगळला. तंबोऱ्यानंही तो लावायचं नाकारलेलं आहे. दोघांच्या वाटा कुठूनही एक नाहीत, पण अडचण जिथे आहे तिथलं बोट दोघांनीही उचललं.

अरणगावात आरतीला मात्र साध्या तीन-चार कॉर्ड चालतात, गंधारासकट, आणि कुणाचं काही बिघडत नाही. वीस गळे एकत्र गात असतात, कॉर्ड दर दोन मात्रांनी बदलते, आणि गाणाऱ्याचा गळा चढला तर गिटारवाला कॅपो सरकवून मोकळा होतो. हे सतारीला जमणार नाही.

शेवटचं वाद्य तुणतुणं, आणि मला विचाराल तर परतलेल्या गिटारवाल्यानं सतारीच्या आधी हेच घ्यावं. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे, म्हणजे याच जिल्ह्यातले (१७४४–१८१९). शाहिराच्या मागे उभ्या राहणाऱ्या झीलकऱ्याच्या हातात हेच असतं. लाकडी किंवा पत्र्याचं नळकांडं, त्याचा तळ कातड्यानं मढवलेला, बाजूला काठी, काठीला एक खुंटी, आणि कातड्यातून निघून खुंटीला ताणलेली एकच पोलादी तार. पडदा नाही, घोडी नाही; कातडंच घोडीचं काम करतं. गिटारची पहिली तार, सुमारे ०.३० मिलिमीटर जाडीची, इथे बसते. तारेच्या टोकाचा बॉल कातड्यातून सुटून येऊ नये म्हणून त्याच्यावर छोटा वॉशर घालायचा. तार आपल्या गळ्याच्या सा ला लावायची आणि लाकडाच्या चिपेनं सारखी छेडत राहायचं. सा, सा, सा. कंटाळा येतो. पण दहा मिनिटांनी त्यावर सरगम म्हणू लागलात की प्रत्येक स्वर नेमका कुठे टेकतो ते कळायला लागतं, आणि गंधार चढा लागला की लगेच टोचतो. मग गिटार घ्या, चौथी तार त्याच सा ला आणा, तिसऱ्या पडद्यावरून ओढायला सुरुवात करा आणि तो टोचणं थांबेल तिथे थांबा.